कारण काय टाकू?

कोल्हापुरात गाडी नंतर येते, नंबर आधी ठरतो. ८०५५ म्हणजे बॉस आणि २१४ म्हणजे राम, हे इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. मग मोबाईलचा नंबर तरी साधा कसा चालेल? माझा मेव्हणा या विषयातला दर्दी. त्यानं गेल्या वर्षी एक नंबर माझ्या गळ्यात मारला, शेवटी ओळीनं तीन नऊ. "भावजी, एमएच ०९ वाल्याला नऊ शोभतोच की!" नंबर फुकट, फक्त वर्षभर पोस्टपेड ठेवायची अट.

जुना नंबर चालूच होता, त्यामुळं हा नवा वर्षभर नुसता बिल आणत राहिला. त्याच्यावर फोन यायचे ते कर्ज हवंय का विचारणारे. मुदत संपली तसा एका दुपारी राजारामपुरीत कंपनीच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलीला म्हटलं, नंबर बंद करायचाय. तिची बोटं थांबली.

"का सर?"

"मुदत संपली."

"ते झालं सर, पण कारण?"

तिनं स्क्रीन माझ्याकडं वळवला. बिल जास्त येतं. रेंज मिळत नाही. परगावी बदली. दुसऱ्या कंपनीत जाणार. ग्राहक मयत. "यातलं काय टाकू?"

बिल ठरलेलं होतं, रेंज फुल्ल होती, बदलीचं वय उलटून गेलंय आणि शेवटच्या पर्यायाला अजून अवकाश आहे. दुसऱ्या कंपनीत जायचं असतं तर या दुकानाची पायरी चढायची गरजच नव्हती. नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची, म्हणजे पोर्ट करायची सोय २०११ पासून देशभर आहे. १९०० ला पोर्टचा मेसेज टाकायचा, आठ अक्षरांचा कोड येतो, तो दुसऱ्या दुकानात दाखवायचा. बिल थकलेलं नसलं की झालं, कुणाच्या तोंडाकडं बघावं लागत नाही. घर बदलणाऱ्याची अशी बडदास्त आहे, नुसतं सोडणाऱ्याला मात्र आधी जबाब द्यायचा. मी गप्प बसलेला बघून तिनं प्लॅन स्वस्तात देऊ केला. मग आणखी स्वस्तात. मला वाईट वाटायला लागलं, आणि हे वाईट वाटणं माझ्या चांगलंच ओळखीचं होतं.

मंगळवार पेठेत आमच्याकडं एक मावशी दूध घालायच्या. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून डोळ्यांदेखत धार काढून देतात, पण आमच्या आईला घरपोच रतीब बरा वाटायचा. मावशींचं माप पितळी, कडेला चेपलेलं. मापून झालं की किटली तिरकी करून वर एक धार पातेल्यात सोडायच्या, आणि ती धार किती लांब यावरून त्यांचा त्या दिवशीचा मूड कळायचा. मे महिन्यात आम्ही आजोळी जायचो, तेव्हा महिनाभर रतीब बंद ठेवायचा असायचा. आई आदल्या रात्रीपासून वाक्य घोकायची. सकाळी ती "मावशी, उद्यापासनं..." एवढं म्हणेपर्यंत मावशी किटली खाली ठेवून उंबऱ्यावर टेकायच्या. "का वो वैनी, दूध पातळ लागलं व्हय?" आई म्हणायची, छे छे, तसं काही नाही. मग म्हशीची पेंड, जावयाचं दुखणं, थोरल्याचं लग्न असं सगळं निघायचं. आम्ही आजोळी आंबे खात असायचो आणि इकडं आमचं दूध शेजारच्या काकूंच्या पातेल्यात पडत असायचं, पैसे आमचे.

पुढं एका सकाळी मावशी किटलीशिवाय आल्या. "वैनी, म्हस इकली. उद्यापासनं न्हाई यायची." एवढंच. आई पातेलं घेऊन दारात उभी. का, असं तिनं विचारलंच नाही. त्या दिवशी काळा चहा झाला.

तर काउंटरवर मी शेवटी "परगावी बदली" वर बोट ठेवलं. मुलीनं "कुठं सर?" असं आपुलकीनं विचारलं आणि मी सांगली म्हणून मोकळा झालो. तिचं माहेर निघालं सांगली! मग विश्रामबागेत भाड्यानं खोल्या कुठं बऱ्या मिळतात, हेही ऐकून घेतलं.

सोडलेला नंबर निदान ९० दिवस कुणाला देत नाहीत, मग तो पुन्हा बाजारात येऊ शकतो. बँकेत, गॅसवाल्याकडं कुठं दिला असेल तर तेवढ्यात बदलून घ्यायचा. हे मी घरी जेवताना सांगितलं आणि ते बायकोकडून माहेरी पोचायला वेळ लागला नाही. रात्री मेव्हण्याचा फोन. माझ्या जुन्या नंबरावर.

"भावजी, नंबर सोडलासा? मला द्यायचा की! नावावर करून घेतला असता."

म्हटलं, आता ९० दिवस थांब.

त्यानं खरोखरच कॅलेंडरवर खूण केलीय.