नागरिकशास्त्रातले एक वाक्य आणि ४,११५चे गणित

नागरिकशास्त्राच्या तासाला आपण सगळ्यांनीच संसदेची दोन सभागृहे पाठ केली. लोकसभेचा भाग सरळ आहे. जागा ५४३, त्यांतल्या महाराष्ट्राच्या ४८. ज्याला सर्वांत जास्त मते तो खासदार. राज्यसभेपाशी मात्र ‘आमदार एकल संक्रमणीय मताने सदस्य निवडतात’ एवढे वाचून आपण पान उलटायचो. महाराष्ट्राचे १९ खासदार ज्या रीतीने निवडले जातात, ती या एका वाक्यात मावत नाही. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आजच्या नववी-दहावीच्या मुलांसाठी ती मांडतो आहे.

राज्यसभा कधी विसर्जित होत नाही. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात. समजा, महाराष्ट्रातल्या सहा जागा रिकाम्या झाल्या. जागांइतकेच अर्ज उरले तर मतदान होतच नाही. सातवा उमेदवार उभा राहिला की गणित सुरू होते.

आमदार २८८. प्रत्येकाचे मत एकच, पण तो उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. प्रत्येक मताचे मूल्य १०० धरतात, म्हणजे एकूण २८,८००. जागांत एक मिळवून, म्हणजे सातने, भागायचे. अपूर्णांक सोडायचा आणि आलेल्या ४,११४ मध्ये एक मिळवायचा. हा झाला कोटा, म्हणजे निवड पक्की होण्यासाठी लागणारे मूल्य: ४,११५. हा ‘एक’ का? सात जणांना प्रत्येकी ४,११५ द्यायचे तर २८,८०५ लागतील आणि तेवढे मूल्यच नाही. त्यामुळे सहाहून जास्त जण कोटा गाठूच शकत नाहीत. पहिल्या पसंतीची ४२ मते मिळाली की उमेदवार सुरक्षित.

आता एखाद्याला ४८ मिळाली, तर ६८५ मूल्य अतिरिक्त ठरते. त्यासाठी गठ्ठ्यातल्या वरच्या सहा मतपत्रिका उचलत नाहीत. कुठल्या सहा उचलल्या यावर निकाल फिरला असता. म्हणून ४८ही पत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात, पण प्रत्येकीचे मूल्य आता फक्त १४. मला या पद्धतीतला सर्वांत न्याय्य भाग हाच वाटतो. जून २०२२ मध्ये महाराष्ट्रात नेमके हेच निर्णायक ठरले. पहिल्या पसंतीची ३३ मते मिळालेले संजय पवार हरले आणि २७ मते मिळालेले धनंजय महाडिक जिंकले, कारण महाडिकांच्या पक्षाच्या दोन उमेदवारांना प्रत्येकी ४८ मते होती आणि त्यांचे अतिरिक्त मूल्य दुसऱ्या पसंतीने महाडिकांकडे आले.

मत बाद होण्याची कारणे तर मुलांनी जरूर वाचावीत. पसंती आकड्यातच लिहायची. देवनागरी ‘१’ चालतो, अक्षरी ‘एक’ चालत नाही. दोन नावांपुढे ‘१’ लिहिला तर मत गेले. पेन निवडणूक अधिकाऱ्याने दिलेलेच वापरायचे. २०१६ मध्ये हरयाणात निराळ्या शाईमुळे दहाहून अधिक मते बाद झाली. २००३ पासून मतदान खुले आहे: आमदाराने आपली पत्रिका स्वतःच्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची, इतर कोणालाही नाही. अपक्षाने तर कुणालाच दाखवायची नाही. २०२२ मध्ये पत्रिका इतरांना दिसल्याच्या आक्षेपावरून एका आमदाराचे मत बाद झाले आणि मतमोजणी मध्यरात्रीनंतरपर्यंत लांबली.

एवढा खटाटोप कशासाठी? अर्थविधेयक राज्यसभा फार तर १४ दिवस ठेवू शकते, हे खरे. पण घटनादुरुस्ती तिच्या संमतीशिवाय होत नाही आणि तिथे संयुक्त बैठकीची सोयही नाही.

शाळेने विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक एकदा अशी घेऊन पाहावी. साठ मतदार, तीन जागा: ६,००० भागिले चार, अधिक एक, म्हणजे कोटा १,५०१. मोजताना आधी सर्वांत मोठे अतिरिक्त मूल्य वाटावे, मग त्याहून लहान. ती सगळी संपूनही जागा उरली, तरच तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या पत्रिका पुढच्या पसंतीकडे द्याव्यात.