बॅलिस्टिक अहवाल कोर्टात टिकवताना: माझा अनुभव

बॅलिस्टिक अहवाल, म्हणजे शस्त्र, गोळ्या आणि काडतुसांच्या तपासणीचा अहवाल, पुराव्यात दाखल होणे फारसे अवघड नाही. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २९३ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३२९ आहे. दोन्हींनुसार सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञाने सही केलेला अहवाल तज्ज्ञाला न बोलावताही वाचता येतो. सरकारी वकील अहवाल हजर करतात, निशाणी क्रमांक पडतो, झाले. खरी परीक्षा पुढे असते. प्रयोगशाळेत पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी कवचे) पाहण्यात आणि पिंजऱ्यात उलटतपास सोसण्यात नोकरीची वर्षे घालवल्यावर माझे ठाम मत झाले आहे की असे खटले बहुतेक वेळा मुद्देमालाच्या मोहोरबंद पाकिटावर पडतात. सूक्ष्मदर्शकाची पाळी नंतर येते.

पार्सल टेबलावर आले की आम्ही शस्त्राला आधी हात लावत नाही. लाखेची मोहोर शाबूत आहे का, पत्रावरच्या नमुना मोहरेशी जुळते का, लेबलांवर पंचांच्या सह्या आहेत का, यादीतला माल आणि आतला माल एकच आहे का, हे आधी पाहायचे. फरक आढळला तर तो नोंदवायचा. फोनवरून ‘दुरुस्त’ करून घ्यायचा नाही. तपासी अंमलदाराला तो उपकार वाटतो, पण उलटतपासात तोच गळ्याशी येतो.

सर्वांत नेहमीचा घोळ बोअरचा, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचा. पंचनाम्यात ‘९ एमएम पिस्तूल’ आणि पाकिटातून निघते ७.६५ मिमीचे. जप्तीच्या वेळी नळी कोणी मोजलेली नसते, अंदाजाने लिहिलेले असते. बचावाच्या वकिलाला एवढे पुरते: जप्त झालेले शस्त्र वेगळे, तपासलेले वेगळे. म्हणून बोअर ठाऊक नसेल तर लिहूच नये. एकूण लांबी, नळीची लांबी, मुठीच्या पट्ट्या लाकडी की प्लास्टिकच्या, कोरलेले आकडे आणि पुंगळीच्या बुडावरची अक्षरे दिसतात तशी उतरवावीत. ‘केएफ ७.६५’ असेल तर तेच लिहावे. केएफ म्हणजे आपल्या खडकीच्या कारखान्याचा शिक्का. तो असंख्य काडतुसांवर असतो, त्यामुळे त्यावरून आरोपीपर्यंत पोचता येत नाही, पण वस्तू तीच हे सांगायला तो उपयोगी पडतो.

दुसरा घोळ खुणांचा. ओळख राहावी म्हणून कोणी गोळीच्या अंगावर आद्याक्षरे कोरतो आणि नळीतून जाताना उमटलेल्या, आम्हाला हव्या असलेल्या बारीक रेघा तिथेच खरडल्या जातात. गोळीवर खूण करायचीच तर बुडावर, पुंगळीवर करायची तर तोंडाजवळ. पुंगळीच्या बुडाला हात लावू नये, कारण पिनेचा खड्डा आणि ब्रीच फेसचे (शस्त्रातला पुंगळीच्या बुडामागे टेकणारा भाग) ठसे तिथेच असतात. त्याहून बरे म्हणजे वस्तूवर काहीच न करता डबीवर लिहावे. चार पुंगळ्या एकाच बाटलीत खुळखुळत आल्या तर एकमेकींवर घासून नवे ओरखडे पडतात. प्रत्येकीला कापूस आणि वेगळी डबी हवी. शवविच्छेदनात काढलेली गोळी उघड्या लोखंडी चिमट्याने ओढू नये, चिमट्याच्या टोकांना रबर असावे. रक्त हलके धुऊन, पूर्ण वाळवून मगच ती बंद करावी. ओली बंद केली की गंजते.

तुलना कशी होते ते कोर्टाला सोप्या भाषेत सांगावे लागते. जप्त शस्त्रातून आम्ही कापसाच्या पेटीत किंवा पाण्याच्या टाकीत चाचणीच्या गोळ्या झाडतो, शक्यतो त्याच बनावटीच्या काडतुसांनी. आधी चाचणीच्या पुंगळ्या आपसात जुळतात का ते पाहतो. त्याच जुळल्या नाहीत तर पुढच्या तुलनेला अर्थ राहत नाही. मग घटनास्थळाची पुंगळी आणि चाचणीची पुंगळी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली शेजारीशेजारी येतात. रेघा मधल्या सीमारेषेवरून सलग पुढे जातात का, हे पाहायचे असते.

इथे एक हिशेब चुकतो. जप्तीत जिवंत काडतुसे पाच, त्यातली दोन आम्ही चाचणीत वापरली. कोर्टात पाकीट उघडले की तीन जिवंत आणि दोन रिकामी निघतात. पंच म्हणतो पाच जिवंत होती, आणि वकील उभे राहतात. वापरलेल्या काडतुसांची संख्या आणि त्यांच्या पुंगळ्यांवरच्या खुणा अहवालात असतील तर प्रश्न दोन मिनिटांत मिटतो. नसतील तर अर्धा दिवस जातो.

गावठी कट्ट्याची गोष्ट वेगळी. .३१५ चे काडतूस चालणाऱ्या कट्ट्याची नळी बहुधा बिनखाचांची आणि गोळीला सैल असते. गोळी आतून कशीही घासत जाते आणि दर वेळी रेघा वेगळ्या उमटतात. अशा वेळी गोळीवरून ठाम मत देणाऱ्या तज्ज्ञाकडे मी संशयाने पाहतो. पुंगळी मात्र बोलते. कानशीने घासलेली ब्रीच आणि हाताने घडवलेली पिन यांचे ठसे कारखान्याच्या मालापेक्षा ठळक उमटतात.

मताला कारणे हवीत. भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम ३९ (जुन्या पुरावा कायद्यातले ४५) तज्ज्ञाचे मत संबद्ध ठरवते आणि कलम ४५ (जुने ५१) त्या मतामागची कारणेही. ‘पुंगळी क्र. १ ही शस्त्र ‘अ’ मधून झाडलेली आहे’ एवढेच लिहिलेला अहवाल दाखल होतो, पण त्याचे वजन पडत नाही. चाचण्या किती, कोणत्या ठशांची तुलना केली, काय जुळले आणि काय जुळले नाही, हे लिहावे आणि सूक्ष्मछायाचित्रे जोडावीत. सर्वोच्च न्यायालयाचा ‘कलुआ’ निकाल (एआयआर या निकालसंग्रहात, १९५८) आजही वाचण्यासारखा आहे. तिथे तज्ज्ञाने त्या पिस्तुलातून चार काडतुसे झाडून तुलना केली होती, आणि हे तपशील रेकॉर्डवर होते म्हणून मत टिकले. उलट ‘सुखवंत सिंग’ (१९९५) मध्ये पुंगळी आणि पिस्तूल दोन्ही हाती असून तज्ज्ञाकडे पाठवलेच नाही, आणि ती उणीव सरकार पक्षाला भोवली. दिल्लीतल्या जेसिका लाल खून खटल्यात पिस्तूल मिळालेच नव्हते. दोन पुंगळ्या दोन शस्त्रांतल्या असाव्यात या मतावर बचावाने सगळी भिस्त ठेवली, ती २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. शस्त्र हाती नसताना तज्ज्ञाने किती बोलावे, याचा तो धडा आहे.

अलीकडे तयारीचे वकील अमेरिकेतल्या राष्ट्राध्यक्षांच्या विज्ञान सल्लागार परिषदेचा २०१६ चा अहवाल (त्यात अशा तुलनांच्या शास्त्रीय आधारावर प्रश्न उठवले आहेत) घेऊन येतात आणि अशी तुलना किती वेळा चुकते ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. ‘चूक होऊच शकत नाही’ हे उत्तर सर्वांत वाईट. दुसऱ्या परीक्षकाने स्वतंत्रपणे पडताळले का, अनिर्णित मत कधी देता, हे सांगता आले तर न्यायाधीश ऐकतात.

मोहरांची साखळी तोंडी पुराव्यातही पुरी व्हावी लागते. जप्ती ते प्रयोगशाळा या काळात माल कोणाकडे होता, हे मुद्देमाल कारकून आणि पार्सल नेणारा हवालदार यांनी सांगायचे असते. उशीर झाला म्हणून सहसा खटला पडत नाही, पण उशीर आणि या दोघांची साक्ष नाही, असे झाले की संशयाचा फायदा मिळतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ च्या (विनापरवाना शस्त्र बाळगण्याच्या) गुन्ह्याला कलम ३९ ची पूर्वमंजुरी लागते. ती जिल्हादंडाधिकारी देतात, आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्त. शस्त्र चालू स्थितीत असल्याचा अहवाल त्या प्रस्तावासोबत असावा.

नव्या संहितेच्या कलम ३३० नुसार अहवालावर वाद घेतल्याशिवाय तज्ज्ञाला बोलावता येत नाही, आणि कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ते मान्य की अमान्य हे सांगायचे असते. म्हणजे समन्स आले की वाद आहेच असे समजून प्रकरणाची फाइल, चाचणीच्या मूळ नोंदी आणि छायाचित्रे घेऊन जावे. साक्ष टंकलिखित झाली की सही करण्याआधी ओळ न ओळ वाचावी. ‘ब्रीच फेस’चा ‘ब्रिज फेस’ होतो, ते हसण्यावारी नेता येते. ‘झाडलेली असू शकते’ चे ‘झाडलेली आहे’ झाले तर मात्र तिथेच न्यायाधीशांच्या लक्षात आणून द्यावे, अपिलात तेच वाक्य वाचले जाते. हजेरीचा दाखलाही निघतानाच मागून घ्यावा, नंतर त्यासाठी कारकुनाच्या टेबलाशी उभे राहावे लागते.