सात, सात, सात, आठ

नाइन इंच नेल्स या अमेरिकन रॉक बँडचा 'द डाउनवर्ड स्पायरल' हा अल्बम म्हणजे नुसता गोंगाट, असं कुणी म्हणालं की मी त्याला त्यातलं 'मार्च ऑफ द पिग्ज' लावून देते आणि मात्रा मोजायला सांगते. तबल्यावर हात बसलेल्या माणसाला सात मात्रा ऐकू आल्या की आत रूपक ताल सुरू होतोच. इथे सातची तीन आवर्तनं पडतात आणि चौथं आठाचं निघतं. २९ मात्रांचा फेरा, तोही अशा द्रुत लयीत की टाळी देताना हात मागे पडतो. मग एकदम सगळं थांबतं आणि एकटा पियानो वाजतो, साधा, गोड. किंचाळणाऱ्या आवाजाखाली इतका चोख हिशेब आहे, म्हणून मला हा अल्बम जवळचा वाटतो.

नाइन इंच नेल्सला बँड म्हणायचं, पण तेव्हा तो मुख्यतः एकट्या गायक-संगीतकार ट्रेंट रेझनरचा होता. १९८९ च्या 'प्रिटी हेट मशीन'नंतरचा हा दुसरा स्टुडिओ अल्बम मार्च १९९४ मध्ये आला आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर गेला. सोबत निर्माता म्हणून फ्लड होता. एका माणसाची टप्प्याटप्प्याने होत जाणारी पडझड चौदा गाण्यांतून सांगणारा अल्बम इतक्या लोकांनी विकत घेतला, याचं मला अजून नवल वाटतं.

ध्वनिमुद्रण झालं ते लॉस एंजेलिसमधल्या १००५०, सिएलो ड्राइव्ह या घरात. १९६९ मध्ये अभिनेत्री शॅरन टेट आणि इतरांचे खून तिथेच झाले होते. अल्बमची चर्चा निघाली की लोक या घरावरच अडकतात. मला त्यात फारसा रस नाही. पुढे टेटच्या बहिणीने रेझनरला समोरासमोर विचारलं, की तू माझ्या बहिणीच्या मृत्यूचा वापर करतो आहेस का? त्या प्रश्नाने आपण हललो, हे त्याने नंतर मुलाखतीत सांगितलं. घराबद्दल मला एवढंच महत्त्वाचं वाटतं.

त्यापेक्षा 'पिगी'चा शेवट ऐका. गाणं जवळजवळ कुजबुजत चाललेलं असतं आणि शेवटी ड्रम सुटतात, लयीला धरून आणि तरी लय मोडायला निघालेले. हे रेझनरने स्वतः वाजवलं आहे. माइक नीट लागलेत का ते बघताना वाजवलेला तुकडा त्याला आवडला आणि त्याने तो ठेवला. यंत्रांनी भरलेल्या अल्बममध्ये हा हाताचा आघात लगेच ओळखू येतो. 'क्लोजर'चा ठेका उलट पूर्ण यांत्रिक. त्यातला बास ड्रम रॉक गायक इगी पॉपच्या 'नाइटक्लबिंग'मधून उचलून बदललेला. त्या गाण्याच्या शेवटी पियानोवर एक अवरोही स्वरावली येते, आणि तीच पुढे शीर्षकगीतात परत भेटते. पहिल्यांदा ती निसटून जाते. एकदा पकडली, की पूर्ण अल्बम एका बंदिशीसारखा उलगडायला लागतो.

शेवटचं 'हर्ट' बहुतेकांना कंट्री गायक जॉनी कॅशच्या २००२ च्या आवाजात ठाऊक आहे. कॅशने ते म्हाताऱ्या, थकलेल्या माणसाचं गाणं केलं आणि फार सुंदर केलं. पण मूळच्या गिटारीत एक बोचणारा स्वर आहे, षड्जापासून मोजला तर तीव्र मध्यम. तो सतत मधे येऊन टोचत राहतो, कडवं स्थिर होऊच देत नाही. कॅशच्या गिटारीत तो नाही, तिथे सरळ, शांत कॉर्ड आहेत. त्यामुळे तिथे माणूस मागे वळून हिशेब मांडतो आहे असं वाटतं, आणि इथे तो अजून त्यातच अडकलेला आहे. मला दोन्ही हवीत, पण तेरा गाण्यांनंतर शेवटी ऐकायला तीव्र मध्यमवालंच.