एका स्क्रीनशॉटची माहितीपुस्तिका
एआय एजंटला, म्हणजे माणसाऐवजी स्वतः संगणक चालवणाऱ्या एआय प्रोग्रॅमला, डेस्कटॉपचा स्क्रीनशॉट काढून देणाऱ्या आमच्या छोट्या टूलची माहितीपुस्तिका आज लिहायला घेतली. कमांड एकच, तेव्हा तासाभरात काम उरकेल असे वाटले होते. पण स्केलिंग (स्क्रीनवरचे सगळे मोठे दाखवण्याची सेटिंग) १५० टक्के ठेवलेल्या लॅपटॉपवर चित्र २८८०×१८०० पिक्सेलचे येते आणि माउस मात्र १९२०×१२०० च्या हिशेबाने चालतो, त्यामुळे एजंट ‘सेव्ह’वर नेम धरून भलतीकडेच क्लिक करतो, हे नीट समजावण्यातच दुपार गेली. मॅकवर स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी नसेल, तर बहुतेकदा नुसता वॉलपेपर हाती येतो, ही ओळ मी मुद्दाम ठळक केली; माणूस ते पाहून चमकेल, एजंट मात्र कुठल्याही प्रोग्रॅमची खिडकी उघडी नाही असे समजून खुशाल पुढे जातो. मुख्य स्क्रीनच्या डावीकडे ठेवलेल्या मॉनिटरवर जागा दाखवणारे आकडे शून्याच्या खाली (ऋण) जातात, ते उद्या लिहीन.