यांच्या बायका कुठे आहेत?

रविवार, रात्री साडेअकरा

दुपारी डोळा लागेना, म्हणून न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर आड्रियान ब्राउवर या नेदरलँड्सकडच्या जुन्या चित्रकाराचं गुत्त्यातलं एक चित्र उघडून बसलो. साधारण १६३६ सालचं. जेमतेम दीड फूट उंचीची लाकडी फळी, पण स्क्रीनवर मोठं करत गेलो की माणसं अंगावर येतात. मधला तोंड वासून, डोळे विस्फारून बघतोय, हातात मग. उजवीकडचा एका नाकपुडीवर बोट दाबून दुसरीतून धूर काढतोय. तंबाखू तेव्हा तिकडे तशी नवीच होती, आणि डच लोक ती चक्क ‘पीत’. आमचे आजोबाही विडी प्यायचेच, ओढायचे नाहीत.

गंमत म्हणजे ही खेडूत मंडळी नव्हेतच. मधला तो खुद्द ब्राउवर आणि नाकातून धूर सोडणारा यान दे हेम, फळाफुलांची श्रीमंती चित्रं काढणारा, असं जाणकार म्हणतात. शेतकऱ्यांची, पिणाऱ्यांची चित्रं शहरातले पैसेवाले हौसेने विकत घेत. रुबेन्स या नामवंत चित्रकाराकडे एकट्याकडेच ब्राउवरची सतरा होती. गावंढळ माणसाला हसायला ती भिंतीवर लावत असतील, असं मला आजवर वाटायचं. काही जण लावतही असतील. पण इथे तर चित्रकारच त्या बाकावर जाऊन बसलाय. बिचारा १६३८ मध्ये गेला, तिशी नुकती ओलांडलेली.

आई चहा घेऊन आली. चष्मा वर सरकवून बराच वेळ बघत राहिली.

‘‘कोण रे हे दारुडे?’’

सांगितलं.

‘‘यांच्या बायका कुठे आहेत?’’

मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. मग संध्याकाळभर बायकाच शोधत बसलो. हार्लेमच्या ओस्ताड या डच चित्रकाराकडे सापडल्या, मांडीवर पोर घेतलेल्या. त्याच्या तरुणपणच्या चित्रांतले शेतकरी ढकलाढकली करतात, भांडतात. उतारवयात तेच निवांत बसायला लागतात, खिडकीतून छान ऊन येतं. मला ती आधीची, भांडकुदळच जास्त आवडतात. आईला अर्थातच नंतरची.

जेवताना तिला यान स्टेनची गोष्ट सांगितली. त्याच्या चित्रांतल्या घरांत पोरं, कुत्री, सांडलेली भांडी यांचा असा काला असतो, की पसारा पडलेल्या घराला डच लोक अजून ‘यान स्टेनचा संसार’ म्हणतात. १६७२ साली फ्रान्सशी लढाई पेटली, चित्रं कोणी घेईना. तेव्हा त्याने लायडनमध्ये घरातच गुत्ता चालवायचा परवाना काढला. गुत्ते रंगवणारा माणूस स्वतःच बिअर वाढायला उभा!

‘‘आणि बायको?’’

पहिली १६६९ मध्येच वारलेली. पदरात पोरं. १६७३ मध्ये त्याने एका पुस्तकविक्याच्या विधवेशी लग्न केलं. जुना चरित्रकार सांगतो, ती बाजारात मेंढीच्या शिजवलेल्या मुंड्या आणि पाये विकायची.

आईने ताटातला शेवटचा घास संपवला.

‘‘मग चालला असेल गुत्ता,’’ म्हणाली, आणि ताटं उचलून मोरीकडे गेली.