क्रॅम म्हणजे नक्की काय, हे मुलांनीच विचारलं तेव्हा

इंग्लंडमधल्या ईस्ट ससेक्समध्ये हीथफिल्ड नावाचं गाव आहे, तिथल्या आसपासच्या शेतांवर एकोणिसाव्या शतकात लंडनच्या बाजारासाठी कोंबड्या पोसायचा मोठा धंदा चालायचा. मी त्याच भागातल्या एका लहानशा म्युझियममध्ये काम करते, शाळांच्या सहली आल्या की त्यांना फिरवायचं काम माझं. आमच्याकडे त्या धंद्यातलं एक मशीन आहे, त्याला क्रॅमर म्हणतात. मागच्या मे महिन्यात शेजारच्या केंटमधून नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग आला होता, तो दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय.

मशीन साधंच आहे. वर डबा, खाली पंप, पायाने दाबायचं पेडल आणि एक रबरी नळी. डब्यात दळलेले ओट्स, दूध आणि चरबी कालवून पातळसर केलेलं खाद्य. माणूस कोंबडी काखेत धरायचा, तिची मान सरळ करून नळी पार आत गळ्याखालच्या पिशवीपर्यंत सरकवायचा आणि पेडल दाबायचा, दुसरा हात त्या पिशवीवर, ती टम्म झाली की थांबायचं, ही बाजूला ठेवून पुढची घ्यायची. हे दिवसातून दोनदा. मुलं 'ईईऽ' करून ओरडली, ती नेहमीच ओरडतात. पण एका मुलीने पाटीवरचं नाव वाचून विचारलं, "मिस, आमचे डॅड म्हणतात टेस्टच्या आधी क्रॅम करू नकोस, तेच का हे?"

तेच. केंटमध्ये अजून ग्रामर स्कूल्स, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सरकारी शाळा आहेत आणि त्यांच्या प्रवेशाची परीक्षा सहावीच्या वर्षाच्या सुरुवातीलाच, सप्टेंबरमध्ये असते, म्हणजे माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक मुलांची ट्यूशन तेव्हा जोरात चालू होती. मी ठरलेली टूर सोडली, मुलांना गवताच्या गठ्ठ्यांवर बसवलं आणि सगळं सांगितलं. की हा शब्द हजार वर्षांहून जुना, जुन्या इंग्रजीत क्रॅमिअन म्हणजे ठासून भरणं, आपलं कोंबणं. मग कोंबड्या-बदकांना बळंबळं खाऊ घालण्यासाठी तो वापरात आला. 1741 मध्ये आयझॅक वॉट्स नावाच्या धर्मोपदेशकाने लिहिलं की दिवसभर खाऊनही पचलं नाही तर माणसाच्या अंगी लागत नाही, तसंच नुसतं वाचत सुटणाऱ्यांचं होतं, ते स्वतःला उगाच क्रॅम करत राहतात. आणि एकोणिसावं शतक उजाडेपर्यंत केंब्रिजच्या विद्यार्थ्यांच्या बोलीत क्रॅम म्हणजे परीक्षेपुरतं कोंबणं असा अर्थ पक्का झाला. पुढे तसं शिकवणाऱ्या मास्तरांना आणि क्लासेसनाही क्रॅमर म्हणायला लागले, जे नाव या मशीनचं तेच त्यांचं.

मग मागून एका मुलाने विचारलं, "पण कोंबडीला स्वतःचं स्वतः खाता येत नव्हतं का?"

मला या प्रश्नाचं फार कौतुक वाटलं कारण सगळी गोम तिथेच आहे. येत होतं की. पोसायला आणलेल्या कोंबड्या आधी काही दिवस पिंजऱ्याबाहेरच्या पन्हळीतून आपापल्या खायच्या. बसून बसून आणि तेच तेच खाऊन त्यांची भूक मेली की मग मशीन यायचं. म्हणजे भूक संपते तिथून क्रॅमिंग सुरू. आणि ते चालतं हेही खरं आहे, कोंबडीचं वजन खरोखर वाढायचं, बाजारात भाव चांगला यायचा, नाहीतर लोकांनी ते केलंच नसतं. फक्त हे थोडेच दिवस करता येतं, जास्त ताणलं तर कोंबडी उलट खंगायला लागते, म्हणून बाजाराचा दिवस आधी धरायचा आणि तिथून मागे मोजत यायचं.

तो मुलगा म्हणाला, "मी रीझनिंगच्या पेपरात प्रश्न वाचतच नाही, कुठल्या टाइपचा आहे ते बघतो फक्त, ट्यूटरने तसंच शिकवलंय." अगदी अभिमानाने सांगितलं हो त्याने, आणि मार्क्सही चांगले पडत असणार.

मला लगेच मॅथ्यू आर्नोल्ड आठवला. तो कवी म्हणून माहीत असतो पण पोटासाठी त्याने 1851 ते 1886 शाळा तपासनिसाची नोकरी केली. 1862 मध्ये शिक्षण खातं सांभाळणाऱ्या रॉबर्ट लो यांनी नियम आणला की शाळेचं अनुदान मुलांच्या निकालावर ठरणार, वाचन, लेखन, गणित यातल्या एकेका विषयात मूल नापास झालं की 2 शिलिंग 8 पेन्स कापले. झालं, शाळांनी वर्षभर एकच पुस्तक घोकून घ्यायला सुरुवात केली. आर्नोल्डने रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलंय की ही मुलं साहेबासमोर त्या पुस्तकातलं धडाधड वाचतात पण दुसरं कुठलंही पुस्तक दिलं की त्यांना धड वाचता येत नाही. हे सांगितल्यावर तो मुलगा म्हणाला, "मग ती मुलं पास कशी झाली?" मी म्हटलं, पास झालीच ना, शाळेला पैसेही मिळाले. त्यावर त्याला काही सुचेना, मलाही त्याला आणखी टोकावंसं वाटलं नाही, चूक त्याची नाहीच आहे.

लंच ब्रेकमध्ये मुलांबरोबर मदतीला आलेल्या पालकांपैकी एक बाई जवळ आल्या, सांगलीकडच्या निघाल्या. म्हणाल्या, "ताई, सगळं पटलं, पण आपण पाढे, मनाचे श्लोक पाठ केलेच की लहानपणी, ते पण क्रॅमच का मग?" माझं मत, नाही. पाठांतर वेगळं आणि कोंबणं वेगळं. मनाचे श्लोक कुणी सप्टेंबरच्या पेपरसाठी पाठ करत नाही, ते अंगात मुरायला सगळं आयुष्य पडलेलं असतं, अर्थ चाळिशीत कळला तरी चालतो. घोकंपट्टीला मात्र तारीख असते.

आणि हे आपल्यापर्यंत आलंय ते काही योगायोगाने नाही. हिंदुस्थानातल्या सनदी नोकरीसाठी 1855 पासून लंडनमध्ये खुली परीक्षा सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी मेकॉलेच्या समितीने बजावलं होतं की वरवरच्या ज्ञानाला एकही मार्क मिळता कामा नये. तरी वॉल्टर रेन यांच्या पॉविस स्क्वेअरमधल्या क्लाससारखे क्रॅमर त्या परीक्षेच्या जोरावर नावारूपाला आलेच. 1869 मध्ये चार हिंदुस्थानी तरुण ती परीक्षा पास झाले, त्यात मुंबई इलाख्यातले श्रीपाद बाबाजी ठाकूर होते. हे सांगितलं तर बाई म्हणाल्या माझा भाऊ पुण्यात चार वर्षं एमपीएससी करतोय. त्यावर मग आम्ही लंच संपेपर्यंत बोलत होतो, त्याची झोप, त्याच्या खोलीवरचे मित्र, अटेम्प्ट, सगळं.

त्या दिवसानंतर मी टूरचा क्रम बदललाय. आधी मशीन दाखवून मुलांना ओरडायला लावायचे, आता आधी पन्हळ दाखवते, तिथे खाद्य ठेवते आणि विचारते की कोंबडी हे खायचं कधी थांबवेल, का थांबवेल. उत्तरं खूप येतात, बोअर झाली, बाहेर जायचंय, आई पाहिजे. ती सगळी फळ्यावर लिहितो आम्ही, आणि नंतरच मशीनकडे जातो.