बायॉप्सीचा ब्लॉक मिळवताना: माझा अनुभव

बायॉप्सीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधीच विचारून ठेवा: उद्या ब्लॉक (मेणात बसवलेला बायॉप्सीचा तुकडा) लागला तर तो कोण देणार आणि त्यासाठी काय कागद लागणार? आम्हाला हे कुणी सांगितलं नाही. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

आईला गाठ हाताला लागतच नव्हती. मॅमोग्राफीत कॅल्शियमचे बारीक पांढरे ठिपके दिसले, सुईची बायॉप्सी झाली, रिपोर्ट वेळेत आला. त्यात होतं: डीसीआयएस (दूधनलिकेतला सुरुवातीचा कर्करोग); कर्करोग बाहेर पसरायला सुरुवात झाली नाहीच असं खात्रीने म्हणता येत नाही; आयएचसी (अँटिबॉडी वापरून पेशी रंगवून पाहायची तपासणी) करावी. म्हणजे तो दूधनलिकेच्या आतच आहे की भिंत ओलांडून निघालाय, हे ठरायचं होतं. काखेतल्या गाठी तपासायच्या की नाही, तेही त्यावरच अवलंबून.

आयएचसी त्या हॉस्पिटलमध्ये होत नव्हती. दुसऱ्या लॅबला ब्लॉक हवा होता. काउंटरवर उत्तर मिळालं, "ताई, ब्लॉक देत नाही, स्लाइड न्या." त्या स्लाइडवर आधीच रंग चढलेला, तिचा इथे उपयोग नाही, हे सांगितल्यावर अर्ज मागितला. अर्ज नेला तर आईच्या ओळखपत्राची प्रत हवी. ती दिली तर सर्जनची चिठ्ठी. चिठ्ठी आणली तेव्हा पॅथॉलॉजिस्ट सर निघून गेलेले आणि त्यांच्या सहीशिवाय काही हलत नाही. सर भेटले तेव्हा कळलं की ब्लॉक तिथे नाहीच, बाहेरच्या लॅबकडे आहे! हे पहिल्याच दिवशी सांगता आलं नसतं? वर एकजण म्हणाला, "रिपोर्ट तर मिळालाय ना, घाई कशाला?" घरी आई जेवत नव्हती.

शेवटी मी म्हटलं, "देता येत नाही, असं लेटरहेडवर लिहून द्या." त्यानंतर मात्र ब्लॉक आला. हे वाक्य लक्षात ठेवा, आणि शांतपणे उभं राहून म्हणा.

दुसऱ्या लॅबमधल्या डॉक्टर मॅडमनी मायक्रोस्कोपमधून दाखवलं. दूधनलिकेभोवती मायोएपिथेलियल पेशींचा थर असतो. पी६३ या प्रथिनाला नेमकं चिकटणारी मोनोक्लोनल अँटिबॉडी वापरली की त्या पेशींची केंद्रकं तपकिरी दिसतात. आईच्या नलिकांभोवती तपकिरी ठिपक्यांचं कडं अखंड होतं. कडं शाबूत, म्हणजे कर्करोग आतच. स्टेज शून्य. अशा अँटिबॉडी तयार करण्याची पद्धत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये केंब्रिजला शोधली, १९८४ चं नोबेल त्यासाठीच. त्या दोघांचे मी मनापासून आभार मानले.

आणखी एक, ब्लॉक अजिबातच देत नसतील तर रंग न दिलेले काप मागा, पण कोटेड स्लाइडवरच. साध्या काचेवरचे काप आयएचसीच्या उष्णतेत सुटून जातात. सुईच्या बायॉप्सीत तुकडा मुळात लहान असतो, तो पुन्हापुन्हा कापायला लावू नका. ब्लॉक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका, ते मेण आहे. पाकिटावरचा नंबर रिपोर्टमधल्या नंबराशी तिथेच, काउंटरवर, जुळवून घ्या.

काम झाल्यावर ब्लॉक परत मागा. आईच्या ऑपरेशननंतर ईआर तपासणीसाठी (कर्करोगाच्या पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनला प्रतिसाद देतात का, ते पाहायला) आमच्याकडे तो पुन्हा मागितला गेला, आणि या वेळी तो माझ्या कपाटात होता.